२१व्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन आणि ३५-४० दिवसांची पाळी: हिशेब कुठून धरायचा?

सातपुडा_सीएचओ (चोपडा तालुका)

नमस्कार मंडळी. मूल होण्यासाठी थांबलेल्या जोडप्यांना उपकेंद्रावरून पुढे पाठवण्याआधी त्यांचे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून देते. त्यात एक गोष्ट सारखी दिसतेय. बाईची पाळी ३४ ते ४० दिवसांनी येते, पण प्रोजेस्टेरॉन (अंडं फुटल्यावर वाढणारं हार्मोन) मात्र २१व्या दिवशी काढलेलं. आकडा ०.५, ०.७, ०.९ असा. वर पेनाने लिहिलेलं, "अंडं तयार होत नाही." मग सासरी तेच वाक्य वर्षभर ऐकवलं जातं.

मला नेमकं हवंय ते असं. पाळी लांब आणि थोडी मागेपुढे होणारी असेल तर हे रक्त कोणत्या दिवशी घ्यायचं? आकडा किती आला म्हणजे अंडं फुटलं असं धरायचं? एफएसएच, एएमएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच या बाकीच्या हार्मोनच्या तपासण्यांचे दिवस कोणते? अंडं फुटायची वेळ सांगणाऱ्या लघवीवरच्या एलएच पट्ट्या लांब पाळीत चालतात का? आणि बऱ्याच जणींना १६व्या ते २५व्या दिवसापर्यंत गोळ्या दिलेल्या असतात, त्याचं काय? माहितगारांनी सविस्तर लिहावं, मी ते आमच्या आशाताईंनाही समजावून सांगेन.

स्त्रीरोग_धुळे

ताई, या रिपोर्टांवरून अंडं तयार होत नाही असं म्हणताच येत नाही. ३८ दिवसांच्या पाळीत २१वा दिवस हा अंडं फुटायच्या आधीचा असतो. तेव्हा प्रोजेस्टेरॉन ०.७ यायलाच हवं, ५ आलं असतं तर आश्चर्य.

पाळीचे दोन भाग धरा. पहिल्यात मेंदूतल्या पिट्युटरीतून एफएसएच येतं, काही फॉलिकल (अंडं धरून ठेवणाऱ्या लहान पिशव्या) वाढू लागतात, त्यातलं एक पुढे जातं आणि इस्ट्रोजेन बनवतं. इस्ट्रोजेन मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या वर सुमारे दोन दिवस टिकलं की पिट्युटरी एलएचचा मोठा लोंढा सोडते. लोंढा सुरू झाल्यापासून साधारण ३४ ते ३६ तासांनी अंडं बाहेर पडतं. रिकाम्या झालेल्या फॉलिकलचं कॉर्पस ल्युटियम बनतं आणि प्रोजेस्टेरॉन तेच तयार करतं. गर्भ राहिला नाही तर त्याचं आयुष्य बहुतेकींमध्ये १२ ते १४ दिवसांचं. ते विझलं की अस्तर सुटतं आणि पाळी येते.

लांबतो तो बहुतेक वेळा पहिला भाग. कुणाचं फॉलिकल १४ दिवसांत तयार होतं, कुणाचं २४ दिवसांत. दुसरा भाग फारसा हलत नाही, १० ते १६ दिवसांच्या आतच राहतो. म्हणून हिशेब पुढच्या पाळीपासून उलटा करायचा. कॉर्पस ल्युटियम सर्वांत जोरात असतं ते अंडं फुटल्यानंतर साधारण सातव्या दिवशी, म्हणजे पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. २८ दिवसांची पाळी असेल तर तो दिवस २१वा येतो. सगळ्यांच्या कागदावर छापलेला २१ आला तो इथून. ३५ दिवसांची असेल तर २८वा, ३८ असेल तर ३१वा.

तुमच्याकडच्या बाईसारखी ३४ ते ४० अशी हलती पाळी असेल तर एका नमुन्यावर भागत नाही. पहिला नमुना २७व्या-२८व्या दिवशी घ्या आणि पाळी आली नसेल तर एका आठवड्याने दुसरा. मग पाळी कधी येते त्याची वाट बघा. पाळीच्या आधी ५ ते ९ दिवसांत पडलेला नमुना वाचायचा, दुसरा फाइलमध्ये ठेवून द्यायचा. म्हणजे रिपोर्ट आला त्या दिवशी निकाल द्यायचाच नाही, पाळीची तारीख लिहिल्यावर द्यायचा.

आकडा मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर अंडं फुटलं असं धरायला हरकत नाही. आणि पहिला दिवस कोणता ते आशाताईंना पक्कं सांगा: नुसता डाग दिसला तो दिवस धरायचा नाही, कापड किंवा पॅड घ्यावं लागेल असा स्राव सुरू झाला तो पहिला. इथेच दोन दिवस चुकले तर पुढचं सगळं चुकतं.

आणखी एक. ३८ दिवसांची पण दर वेळी जवळपास तेवढ्याच दिवसांनी येणारी, येण्याआधी छाती दुखवणारी पाळी असेल तर अंडं बहुधा फुटत असतं, फक्त उशिरा. ३२, ५०, ४१, ७० अशी येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे रक्ताचा दिवस शोधत बसण्यापेक्षा सोनोग्राफी आणि बाकी तपासणीकडे जावं.

भुसावळ_फिजिओ

डॉक्टरांच्या उत्तरात थोडी भर. आमच्याकडे शिकवताना १० नॅनोग्रॅमची रेषा सांगतात. १० च्या खाली असेल तर ल्युटियल फेज (अंडं फुटल्यापासून पाळीपर्यंतचा भाग) कमकुवत आणि आधार म्हणून प्रोजेस्टेरॉन द्यावं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. मग ३ आणि १० मध्ये आलेल्या बाईचं काय समजायचं?

स्त्रीरोग_धुळे

१० च्या आसपासची रेषा ३० नॅनोमोल प्रति लिटर या आकड्यातून येते. नमुना अगदी मधोमध पडला असेल तर तेवढं यावं, अशी ती अपेक्षा आहे. पण प्रोजेस्टेरॉन सरळ रेषेत वाहत नाही. एलएचच्या ठोक्यांबरोबर ते उसळ्या मारतं, त्यामुळे त्याच बाईच्या, त्याच दिवसाच्या, काही तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत कित्येक पटींचा फरक पडू शकतो. सकाळचा आकडा ६ आणि दुपारचा १५ आला तर दुपारी कॉर्पस ल्युटियम सुधारलं असं होत नाही. म्हणून एका नमुन्यावरून "ल्युटियल फेज डिफेक्ट" लिहू नये. ३ ते १० मधला आकडा म्हणजे अंडं फुटलंय, एवढंच. नमुना मधोमध पडला नसेल, किंवा उसळीच्या तळाशी पडला असेल.

खरोखर दखल घ्यायची असेल तर अंडं फुटल्यापासून पाळीपर्यंतचे दिवस मोजा. ते वारंवार १० पेक्षा कमी भरत असतील तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन आधी बघा.

लॅब_जळगाव

लॅबच्या बाजूने लिहितो, कारण निम्मे घोळ सुई टोचायच्या आधीच झालेले असतात.

फॉर्मवर तीन गोष्टी नसतील तर हार्मोनचा रिपोर्ट वाचता येत नाही: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, पाळी किती दिवसांनी येते, आणि चालू गोळ्या. "एलएमपी" ची (शेवटच्या पाळीच्या तारखेची) जागा रिकामी सोडून आलेले फॉर्म रोज येतात.

एफएसएच, एलएच आणि इस्ट्रॅडिऑल (रक्तात मोजतात ते इस्ट्रोजेन) दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. तिन्ही एकत्रच मागवा. नुसतं एफएसएच मागवलं की फसगत होते: बीजकोशाचा साठा कमी होत आलेल्या बाईत इस्ट्रॅडिऑल तिसऱ्या दिवशीच ८० च्या वर गेलेलं असतं, ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि एफएसएच ७ असं छान दिसतं. एएमएच कोणत्याही दिवशी चालतं, ते लहान फॉलिकलच्या पेशींतून येतं आणि पाळीबरोबर फार वरखाली होत नाही. मात्र गर्भनिरोधक गोळ्या काही महिने चालू असतील तर कमी येतं. आणि एकक बघा. काही लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात, काही पिकोमोलमध्ये. १ नॅनोग्रॅम म्हणजे ७.१४ पिकोमोल. पिकोमोलमधलं ७ हे नॅनोग्रॅममधलं ७ समजून पीसीओएस (बीजकोशात भरपूर लहान फॉलिकल, पाळी अनियमित) ठरवून मोकळे झालेले कागद बघितले आहेत. प्रोजेस्टेरॉनचंही तसंच, १ नॅनोग्रॅम प्रति मिलि म्हणजे ३.१८ नॅनोमोल प्रति लिटर.

एएमएचवर अजून एक वाक्य, कारण त्याचा बागुलबुवा फार झालाय. अंडी किती शिल्लक आहेत याचा तो अंदाज. आयव्हीएफमध्ये इंजेक्शनला किती फॉलिकल उठतील हे सांगायला उपयोगी. पाळी नियमित येणाऱ्या बाईला आपसूक दिवस राहतील की नाही हे तो सांगत नाही, महिन्याला लागतं एकच अंडं.

प्रोलॅक्टिन: पाळीचा दिवस कोणताही, पण वेळ पाळा. झोपेतून उठल्यावर दोन-तीन तासांनी, शक्यतो उपाशी, आणि अर्धा तास शांत बसवून. अडावदहून भरल्या जीपमधून उतरली आणि लगेच सुई टोचली, तर ताणानेच ३०-४० येऊ शकतं. थोडंसं वाढलेलं असेल तर नीट बसवून पुन्हा काढा, मगच गोळीचा विचार. टीएसएच सोबत हवंच, कारण थायरॉइड मंद असलं की प्रोलॅक्टिन त्याच्यामागे चढतं. थायरॉइडची गोळी दिली की दोन्ही उतरतात.

आता बायोटिन. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळीत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन सर्रास असतं. काही मशिनींची पद्धत बायोटिनवरच चालते, तिथे टीएसएच, एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन खोटे कमी येतात आणि प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रॅडिऑल खोटे जास्त. म्हणजे अंडं न फुटलेल्या बाईचं प्रोजेस्टेरॉनसुद्धा फुटल्यासारखं दिसू शकतं. तपासणीआधी तीन दिवस ती गोळी बंद. "कोणतं औषध चालू आहे" असं विचारलं की बाया नाही म्हणतात, केसांची गोळी हे औषध कुणी धरत नाही. म्हणून तसंच नाव घेऊन विचारा.

उपकेंद्रावरून नमुना पाठवत असाल तर रक्त अर्धा तास गोठू द्या, शक्य असेल तर तिथेच सीरम वेगळं करा, आणि ते २ ते ८ अंशांत पाठवा. बर्फाच्या लादीला नळी थेट टेकवू नका, पेशी फुटतात. चैत्र-वैशाखात आपल्याकडे बसच्या टपावर किंवा मोटरसायकलच्या डिकीत काय तापमान असतं ते सांगायला नको.

सिस्टर_शहादा

एलएच पट्टीबद्दल मी सांगते, ताई. लांब पाळीत चालते, पण सुरुवात कधी करायची ते कळलं पाहिजे, नाहीतर पट्ट्या फुकट जातात. गेल्या सहा महिन्यांतली सर्वांत छोटी पाळी घ्या आणि त्यातून १७ वजा करा. छोटी ३४ असेल तर १७व्या दिवसापासून रोज एक. पाळी ४० पर्यंत जाणार असेल तर दहा-बारा पट्ट्या लागतील, तेवढ्या आधीच घेऊन ठेवाव्यात.

सकाळची पहिली लघवी घेऊ नये. एलएच बहुतेकदा पहाटे उसळतं आणि लघवीत उतरायला काही तास घेतं, म्हणून दुपारी ते संध्याकाळी, रोज एकाच सुमाराला. त्याआधी दोन तास पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा नाही. मे महिन्यात शेतात असलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे छळच, तिला संध्याकाळी घरी आल्यावर करायला सांगा. पट्टी खुणेच्या रेषेपर्यंतच बुडवायची, पाकिटावर लिहिलेत तेवढे सेकंद, मग आडवी ठेवून पाच मिनिटांनी वाचायची. दहा मिनिटांनंतर आलेली रेषा धरायची नाही.

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. आशाताईंकडच्या निश्चय किटमध्ये दुसरी रेषा फिकट आली तरी दिवस राहिले असं धरतात, आणि ते बरोबर. एलएच पट्टीत फिकट रेषा म्हणजे नाही. एलएच शरीरात रोज थोडं असतंच. टी (तपासणीची) रेषा सी (खुणेच्या, नेहमी येणाऱ्या) रेषेएवढी किंवा तिच्याहून गडद झाली तरच होय. होय आलं की पुढच्या एक ते दीड दिवसात अंडं फुटतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध यावा. पण पट्टीची वाट बघत थांबायचीही गरज नाही. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगतात, अंडं मात्र जेमतेम १२ ते २४ तास. दिवस राहण्याचे दिवस म्हणजे अंडं फुटायचा दिवस आणि त्याआधीचे पाच. अंडं फुटून गेल्यावर घाई करून उपयोग नाही. ३४ ते ४० च्या पाळीत १५व्या ते २६व्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध आला तरी काम होतं, एकही पट्टी न विकत घेता. योनीतला स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, दोन बोटांत ताणला जाईल असा झाला की ते दिवस आलेच समजा.

(आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी गेली आणि पंधरा दिवस तिथेच राहिली, तर त्या महिन्यातल्या पट्ट्या पेटीतच ठेवायला सांगा. सासू-आई दोघींना हे कळलं पाहिजे.)

पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये हे जमत नाही. जाड भिंतीच्या खोलीत, डब्यात, जमिनीलगत ठेवा, पण माठाच्या ओलीत नको. पाकीट फोडलं की लगेच वापरा. सी रेषा आली म्हणजे पट्टी चांगली असंही नाही, ती फक्त लघवी वरपर्यंत चढली हे सांगते.

सकाळचं तापमान मोजून अंडं ओळखायची पद्धत आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये मी सुचवत नाही. अंडं फुटल्यावर तापमान जेमतेम ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस चढतं. रात्री धाब्यावर झोपायचं, वीज गेली की जागं राहायचं, यात तेवढा फरक कुठे कळणार? आणि चढलेलं दिसतं तेव्हा अंडं फुटून गेलेलं असतं.

दुसरं, विषयाला थोडं बाजूला पण आपल्या भागात टाळू नये असं. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) आहे. मूल हवं असलेल्या जोडप्याची दोघांचीही तपासणी दिवस राहायच्या आधी करा. सोल्युबिलिटी टेस्टने फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसवर ठरतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असायची शक्यता चारात एक, आणि गर्भाची तपासणी १० ते १३ आठवड्यांत होऊ शकते. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान चालू आहे, त्यात ही तपासणी होते. बाई स्वतः रुग्ण असेल आणि हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलायला पाठवा, गोळी मनाने बंद करू नये. आणि तिच्या साखरेसाठी एचबीएवनसीवर विसंबू नका, तांबड्या पेशी लवकर मरत असल्याने ते खोटं कमी येतं.

मेडिकल_अमळनेर

काउंटरवरून दिसणाऱ्या गोष्टी लिहितो. ताईंनी विचारलेल्या १६ ते २५ च्या गोळ्या बहुतेक वेळा डायड्रोजेस्टेरॉन किंवा नॉरएथिस्टेरॉन या प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या असतात. २८ दिवसवालीला १६व्या दिवशी अंडं फुटून गेलेलं असतं. ३८ दिवसवालीचं फुटायला अजून आठ दिवस असतात. तिला १६ पासून गोळी सुरू केली की गर्भाशयाच्या तोंडावरचा स्राव घट्ट होतो, शुक्राणूला वाट मिळत नाही, अस्तर वेळेआधी पिकतं, आणि नॉरएथिस्टेरॉन असेल तर अंडं फुटणंही अडू शकतं. २५ला गोळी थांबली की २८व्या दिवशी रक्तस्राव. घरच्यांना वाटतं पाळी सुधारली, महिन्याला बरोबर येते. प्रत्यक्षात त्या महिन्यात दिवस राहायची संधीच घालवलेली असते. गोळी द्यायचीच असेल तर अंडं फुटल्याचं कळल्यावर, दोन-तीन दिवसांनी. आणि डायड्रोजेस्टेरॉन चालू असलं तरी रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीत ते मोजलं जात नाही, त्यामुळे "गोळी घेऊनही प्रोजेस्टेरॉन वाढलं नाही" या तक्रारीला अर्थ नाही.

श्रावणात कानबाईच्या सणाआधी पाळी पुढे ढकलायच्या गोळीची मागणी किती असते ते सगळ्या मेडिकलवाल्यांना माहीत आहे. नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव. मूल हवं असलेल्या बाईने त्या महिन्याचे दिवस हिशेबात धरू नयेत. गोळी सुरू करायच्या दिवशी ती आधीच गरोदर असू शकते, म्हणून आधी विचारा आणि शंका असेल तर किट करा. कानबाईचे रोट (नैवेद्य) कुणीतरी दुसरी करू शकते.

प्रोलॅक्टिन वाढलेल्या बाईची औषधांची पिशवी उलटी करून बघा. पित्तासाठी घेतलेल्या गोळीत डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं, पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीने. दोन्ही प्रोलॅक्टिन चढवतात, लेव्होसल्पिराइड तर चांगलंच. कधी कधी इतकं की छातीतून दूध येतं आणि पाळी बंद होते. आधी ती गोळी बदलून घ्यायची, मग पुन्हा रक्त. थेट कॅबरगोलिन (प्रोलॅक्टिन उतरवणारी गोळी) सुरू करणं म्हणजे एक गोळी उतरवायला दुसरी. मनोविकाराच्या गोळ्यांतल्या रिस्पेरिडोनचंही असंच, पण ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात थांबवू नये.

फॉलिक अॅसिड साध्या बाईला रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या किमान एक महिना आधीपासून. मुलाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, बाईला पाळी चुकल्याचं नीट कळेपर्यंत ते काम उरकलेलं असतं. ५ मिलिग्रॅमची गोळी मधुमेह, फिटची औषधं, सिकलसेल किंवा आधी तसं बाळ झालेलं असेल तर.

सातपुडा_सीएचओ

सगळ्यांचे आभार, बरंच उलगडलं. आता दोन कागद समोर आहेत ते विचारते. एकीची एलएच पट्टी सलग आठ दिवस गडद येतेय, पाळी ४५ ते ६० दिवसांनी. दुसरीचा फॉलिक्युलर स्टडी (सोनोग्राफीत फॉलिकल मोजत जाणं): २०व्या दिवशी १८ मिमी, २२व्या दिवशी २१, २५व्या दिवशी २७, २८व्या दिवशी ३१. फुटल्याचं कुठेच नाही. पण ३०व्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन ८ आलंय! मग फुटलं की नाही?

स्त्रीरोग_धुळे

पहिलीच्या बाबतीत पीसीओएस डोक्यात ठेवा. त्यात एलएच मुळातच चढलेलं असतं, पट्टीला तो लोंढा वाटतो. अशा बाईला पट्टीवर पैसे घालायला लावू नका. निदानासाठी तीनपैकी दोन लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनची लक्षणं किंवा रक्तात वाढ, आणि सोनोग्राफीत भरपूर लहान फॉलिकल. तिसऱ्याऐवजी प्रौढ बाईत वाढलेलं एएमएच चालतं, हे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आलं. नुसत्या सोनोग्राफीवर "पीसीओडी" लिहिलेला कागद निदान नव्हे. टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांची साखर करून पाठवा.

अंडं फुटवायला पीसीओएसमध्ये पहिली पसंती लेट्रोझोल. २०१४ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत जिवंत बाळ होण्याचं प्रमाण लेट्रोझोलवर २७.५ टक्के, क्लोमिफेनवर १९.१ टक्के होतं. भारतात २०११ मध्ये या कामासाठी लेट्रोझोलवर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. कुणी जुना लेख दाखवून घाबरवलं तर हे सांगा. पण गोळी सोनोग्राफीच्या देखरेखीत, उपकेंद्रावरून नाही.

दुसरीचा कागद छान पकडलात. साधारणपणे फॉलिकल दिवसाला दीड-दोन मिलिमीटर वाढतं आणि १८ ते २४ च्या दरम्यान फुटतं. फुटलं की ते आकसतं, कडा वाकड्या होतात, मागे थोडं पाणी दिसतं. इथे ते न फुटताच वाढत गेलं, पण आतल्या पेशींनी प्रोजेस्टेरॉन बनवायला सुरुवात केली. याला न फुटलेलं ल्युटिनाइज्ड फॉलिकल म्हणतात, एलयूएफ. रक्ताचा आकडा "फुटलं" म्हणतो, सोनोग्राफी "नाही" म्हणते, आणि इथे सोनोग्राफी खरी. प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीची ही मर्यादा लक्षात ठेवा. एखाद्या महिन्यात असं कुणालाही होतं. पण तिला विचारा, कंबर किंवा गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक, मेलॉक्सिकॅम, एटोरिकॉक्सिब चालू होतं का. फॉलिकल फुटायला प्रोस्टाग्लँडिन लागतात आणि या गोळ्या तेच अडवतात. एखादी गोळी नव्हे, त्या आठवड्यात रोज घेतलेली. दुखण्यावर पॅरासिटामॉल द्या आणि पुढच्या महिन्यात स्टडी पुन्हा.

लॅब_जळगाव

एवढी बाईची रक्तं काढली, नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा कागद फाइलमध्ये आहे का, ताई? निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा सोबतीने असतं, आणि तपासणी सगळ्यांत स्वस्त. दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून, पूर्ण नमुना, लॅबमध्येच दिलेला उत्तम. घरून आणायचा तर अंगाजवळ ठेवून तासाभरात पोचला पाहिजे. चोपड्याहून एसटीने जळगावला पाठवलेल्या नमुन्यात हालचाल मेलेली दिसणारच, त्यावर काही लिहू नये. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकाप्रमाणे खालची मर्यादा: वीर्य १.४ मिलि, शुक्राणू मिलिलिटरला १६ दशलक्ष, एकूण ३९ दशलक्ष, हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. ४ टक्के बघून लोक हबकतात, तो साधा आकडा आहे. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे डेंग्यू-मलेरियाचा ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा बघा.

सिस्टर_शहादा

ताई, लांब पाळीवाल्या बाईला दिवस राहिले की हाच हिशेब पुन्हा आडवा येतो, तेही तुमच्या कार्डावरच. बाळंतपणाची तारीख शेवटच्या पाळीपासून २८० दिवसांवर काढतो, त्यात २८ दिवसांची पाळी गृहीत असते. ३८ दिवसवालीचा गर्भ त्या हिशेबापेक्षा दहा दिवसांनी लहान असतो. पाळीप्रमाणे सहा आठवडे झाले म्हणून सोनोग्राफीला पाठवली, तर गर्भ खरा साडेचार आठवड्यांचा. ठोका दिसायचा प्रश्नच नाही, कधी नुसती गर्भाभोवतीची पिशवी, कधी तीही नाही. "वाढ नाही" ऐकून बाई गर्भाशय साफ करायला तयार होते.

स्त्रीरोग_धुळे

सिस्टर म्हणतात ते अगदी खरं. गर्भ थांबला हे म्हणायला योनीमार्गे सोनोग्राफीत गर्भाची लांबी ७ मिमी किंवा जास्त असून ठोका नसावा, किंवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिमी किंवा जास्त असून आत गर्भ नसावा. त्याखाली काहीही असेल तर थांबायचं. लहान गर्भ दिसतोय पण ठोका नाही, तर किमान सात दिवसांनी. नुसती पिशवी असेल तर दोन आठवड्यांनी. रक्तस्राव जोरात किंवा पोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल तर मात्र त्याच दिवशी पाठवा, गर्भ नळीत असू शकतो.

माता-बाल कार्डावर शेवटच्या पाळीशेजारी "पाळी ३८ दिवसांची" असं पेनाने लिहा. एलएच पट्टी गडद आलेली तारीख किंवा फॉलिकल फुटल्याची तारीख माहीत असेल तर तीही. ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भाच्या लांबीवरून निघालेली तारीख पाळीच्या तारखेशी जुळत नसेल तर सोनोग्राफीची तारीख कायम करा आणि पुढे नवव्या महिन्यापर्यंत तीच चालवा. नाहीतर शेवटी "तारीख उलटली" म्हणून कळा आणायचं इंजेक्शन दहा दिवस लवकर लागतं.